वद्य पंचमी आणि वीस तारीख

दिग्रस
दि. २६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. तू अमरावतीस पोहोचल्याचे मारोतमामांकडून कळले. मला तुझा फोन आला नाही.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात तू लिहिलेस, "बाबांनी आईचे वर्षश्राद्ध माझ्या पाठीमागे उरकले." हे विधान दुरुस्त करणे भाग आहे. श्राद्ध तिथीने होते, तारखेने नव्हे. वद्य पंचमीला करणार, हे मी तुला फोनवर सांगितले होते. तू वीस तारीख धरून आलीस आणि सारे आटोपलेले पाहून उंबऱ्यावरूनच परतलीस.

तुझी मागणीही मला मान्य नव्हती. शेजारच्या रुखमाबाईंच्या विहारातील बायका, दर्ग्यातील चाचा आणि महानुभाव आश्रमातील तपस्विनी, सर्वांना एकाच दिवशी बोलवायचे! "असली खिचडी माझ्या घरात नको," असे मी म्हणालो. तू फटकन उत्तरलीस, "बाबा, आईनं जल्मभर तेच रांधलं, अन् तुमी बोटं चाटून खाल्लं!"

खरे आहे. राग आल्यास श्वासाकडे लक्ष देणे ती विहारात शिकली. दारी आलेल्यास नाव विचारण्याआधी जेवू घालणे दर्ग्यात, आणि मुंगीलाही न दुखवणे आश्रमात. मी यास विसंगती म्हणत असे.

अलीकडे मी हे सारे करून पाहिले. श्वासाकडे लक्ष देऊन बसलो, तर कचरागाडीच्या भोंग्यावरील अशुद्ध घोषणा कानी पडली. उठून गाडीवाल्याशी भांडलो. काल एका अनोळखी गृहस्थास न विचारता वाढले. तो पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा निघाला आणि दुपार टळेपर्यंत उठेना. रुखमाबाई कुंपणापलीकडून हसल्या.

"गुरुजी, जेवू घातलं, आता आयका त्याचं!"

"कौसल्येला हे कसे जमत होते?" मी चिडून विचारले.

"तिले बी कुठं जमे जी! तुमचा राग आला का माह्या वट्यावर येऊन डोये मिटून बसे."

"रोज?"

"तुमी घरी असले का रोज."

या उत्तरात मला काहीही दुरुस्त करता आले नाही.

प्रेरणा, पंचमी कोणत्या तारखेस येते, हे मी तुला मुद्दाम सांगितले नव्हते. तू सर्वांना घेऊन आली असतीस, तर हे घर तिचे होते, माझे नव्हे, हे सर्वांसमक्ष सिद्ध झाले असते.

विहार, दर्गा आणि आश्रम, तिन्हीकडे मी स्वतः जाऊन पौर्णिमेचे आमंत्रण दिले आहे. चाचांनी तू येणार का, असे विचारले. तुला पत्र लिहितो, एवढे मी म्हणालो.

गटात पुढील नोंदी दुरुस्त कराव्यात:

२० नोव्हेंबर २०२४, कार्तिक वद्य पंचमी: आईचे निधन. तू चतुर्थी लिहिली आहेस.

९ नोव्हेंबर २०२५: वर्षश्राद्ध. ते फक्त माझे झाले.

२० नोव्हेंबर २०२५: तू आलीस. मी तुला आत बोलावले नाही.

४ डिसेंबर २०२५, गुरुवार, मार्गशीर्ष पौर्णिमा: आईचा दिवस. तू आल्यावरच सुरू होईल.

बाबा