पडद्याची पुढची बाजू

॥ श्री ॥

माढा, ता. ४ एप्रिल १९२९

चि. गं. भा. म्हाळसाबाईस रावजीदादाचा आशीर्वाद. वि. वि. हितं समदी खुशाल. म्हस व्याली. तुझ्या वहिनीनं, बजाबाईनं, खरवस केला आन तुझी लई आठवण काढली.

आता कामाचं लिवतो. ज्ञानबा गेल्यापासून त्याचं सिनेमाचं थेटर तू चालवतीस, तिकिटाच्या खिडकीत बसतीस, ही बातमी माढ्याच्या बाजारात माझ्या आधी पोचली. लोक तोंडावर गप बसतात, पाठ फिरली की हसतात. त्यात आता ऐकतो की तू बायकांना पडद्याच्या पुढं बसवणार आन बाप्यांना मागं. अगं, तुझ्या नवऱ्यानं असलं कधी केलं होतं काय? बायका मागं अब्रूनं बसत होत्या. कुणाला टोचत होतं?

मंद्रूपच्या अण्णारावांना थेटरची पत्र्याची शेड सरकी साठवायला पायजे. मी शब्द देऊन बसलोय. येत्या गुरुवारी कुलूप घेऊन येतो, सामान बांधून ठेव. भावाच्या घरी तुला भाकरीची कमी न्हाय. लोभ हाय म्हणूनच दरडावतो, हे ध्यानात असू दे.

तुझा दादा
रावजी

॥ श्री ॥

सोलापूर, ता. ७ एप्रिल १९२९

ती. दादांच्या पायी म्हाळसाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र पावलं. खरवस सगळा तुमी खायचा आन आठवण तेवढी मला धाडायची, हे बरं हाय.

कुणाला टोचत होतं म्हणून इचारलंत. मला टोचत होतं. तुमी कधी मागं बसला न्हाईत म्हणून सांगते. खेळाच्या आधी आमचा ईरप्पा पडदा पाण्यानं भिजवतो, तवा कुटं मागनं चित्र दिसतं. उन्हाळ्यात पडदा निम्म्या खेळात वाळतो आन बायका नुसतं धुकं बघत बसतात. मुका सिनेमा, बोलणं समदं मधीमधी पडद्यावर अक्षरांत येतं, आन मागनं ती अक्षरं तर समदी उलटी. आमच्या ह्यांनी मला पाटीवर उलटीच अक्षरं शिकवली, मागं बसून बायकांना वाचून दाखवायला. सुलटी मी आपली आपण नंतर शिकले.

हे गेल्यावर मी पहिल्यांदा पडद्याच्या पुढं उभी राहिले. तलवारीचा खेळ होता, आमचा लाडका. त्यातल्या वीराला आमी डावरा म्हणायचो. शेजारच्या नागव्वाचा नातू डावरा निघाला, तर तिनं कौतुकानं त्याचं नाव त्या वीरावरनं मानसिंग ठेवलं. आन पुढनं बघते तर गडी उजव्या हातानं तलवार चालवतोय. दादा, मी तितंच रडले. ह्यांचा माझ्यावर लई जीव होता, पण घरच्या मालकिणीलाबी ह्यांनी जन्मभर उलटंच दाखवलं, आन त्यात काय वावगं हाय हे त्यांच्या मनातबी आलं न्हाय. त्याचा मला राग हाय. तसबिरीपुढं उभी राहून बोलून दाखवलाय.

तवा बायका पुढंच बसणार. गिरणीत दिवसभर उभ्या राहून येतात, तिकीट बाप्यांइतकंच देतात. ज्याला मागं बसायला लाज वाटती त्यानं घरी बसावं. लोक हसतात म्हणता, तर हसू द्या, हसणारेबी तिकीट काढूनच येतील. अण्णारावांना शब्द तुमी दिलात, तुमीच माघारी घ्या. न्हायतर तुमच्या गोठ्यात ठेवा की सरकी. कुलूप मात्र आणा. मागच्या दाराचं बिघडलंय.

वहिनीस नमस्कार. तुमी माया पातळ करू नका, मी हट्ट सोडणार न्हाय.

तुमची
म्हाळसा

॥ श्री ॥

माढा, ता. १३ एप्रिल १९२९

चि. गं. भा. म्हाळसाबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि. गुरुवारी मी सोलापुरात येऊन गेलो. तुला भेटलो न्हाय, ते का हे लिवतो.

गाडी कुर्डुवाडीलाच रखडली, माढ्याला उशिरा आली. थेटरावर पोचलो तर खेळ सुरू झालेला. ईरप्पाला दरडावून सांगितलं की मी मालकिणीचा थोरला भाऊ हाय. तो म्हणाला की भाऊ असला तरी बाप्याच की, बाप्यांनी मागं बसायचं. मग कुलूप मांडीवर घेऊन मागं बसलो. आजूबाजूची माणसं तुझ्या नावानं बोटं मोडत होती, पण उठत कुणी नव्हतं.

पडद्यावर अक्षरं आली आन मला एक लागंना. मराठी सातवी झालेला माणूस मी, आडाण्यावानी शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसलो. त्यालाबी येत नव्हतं. पडद्यापलीकडं तू बायकांना वाचून दाखवत होतीस, पण इकडं शब्द काय पोचंना. त्या हसल्या की आमी इकडं ताटकळत बसायचो. पुढं पडदा वाळला, तवा मग समदं धुकंच. जीव नुसता तळमळला. दर खेळाला बायका हे असंच बघत होत्या, आन मी म्हणत होतो कुणाला टोचतंय.

खेळ सुटल्यावर तुला तोंड दाखवायची लाज वाटली. म्हणून कुलूप ईरप्पाच्या हाती देऊन निघालो. मागच्या दाराला लाव. अण्णारावांना न्हाय म्हणून कळवलंय, ते रागावलेत, रागावू देत.

तुझी वहिनी पुढच्या गुरुवारी येती म्हणती. गेल्या दिवाळीला थेटरात मी तिला मागं का बसवलं, म्हणून कालपासनं मला जाब इचारती. तिला पुढची जागा ठेव. मी मागं बसंन.

आन एक. खेळात मागनं कुणीतरी ओरडलं होतं की बाई, जरा मोठ्यानं वाचा. बायका फिदीफिदी हसल्या, तूबी हसलीस. तो मी होतो.

तुझा दादा
रावजी