पिवळ्या ठिपक्याचं कुलूप

४ मार्च, सोमवार
आलो एकदाचे! इस्पितळाच्या आवारातली खोली छोटी आहे, पण खिडकी मोठी आणि नळाला पाणी जोरात. ही म्हणते, खिडकीतून तुमचा जनरेटर दिसतो, आता सवतीवर नजर ठेवता येईल. चार पावलं चालली की हिला दम लागतो, पण जीभ शाबूत आहे. हिच्या हृदयाची झडप बदलायची आहे, पुढच्या गुरुवारी, इथेच. नोकरी आणि उपचार एकाच फाटकाच्या आत. आणखी काय हवं?

माझं काम ठरलेलं आहे. गॅसवर चालणारा हा अवाढव्य जनरेटर कधी एका बटणात सुरू होतो, कधी ढिम्म हलत नाही. वीज गेली तर ऑपरेशनच्या खोलीतल्या बॅटऱ्या थोडाच वेळ तग धरतात. त्यामुळे गुरुवारच्या आत याचं दुखणं काढायलाच हवं.

६ मार्च, बुधवार
गॅसचा दाब बरोबर. प्लग स्वच्छ, कॉइल ठीक, बॅटऱ्या नव्या. तरी बटण दाबलं की स्टार्टर एकदा कण्हतो नि गप्प. दुपारी चोर सापडला. बॅटरीचा मेन स्विच बंद करून त्याला एक गंजकं कुलूप घातलेलं, त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. आणि स्विचला वळसा घालून कोणीतरी बारीकशी वायर जोडलेली! एवढ्या मोठ्या इंजिनाला त्या वायरीतून ताकद कुठून मिळणार? तापली की रुसते.

आमच्या धंद्यात नियम आहे. मशीनच्या आत शिरणाऱ्याने स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली खिशात ठेवायची. तो बाहेर येऊन स्वतः काढेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. वायरमनकाका इथले जुने, त्यांना विचारलं हे कुणाचं. आधीच्या मेकॅनिकचं, म्हणाले. तो कुठे असतो विचारलं, तर चहा प्यायला निघून गेले.

७ मार्च, गुरुवार
कुलूप कापलं. वायर उपटून फेकली, स्विच चालू केला, बटण दाबलं. पहिल्याच फेऱ्यात इंजिन धडाडलं! हिने खिडकीतून टाळ्या वाजवल्या. काका मात्र भिंतीला टेकून उभे होते, तोंड पांढरं पडलेलं. मला हसू आलं.

९ मार्च, शनिवार
मशीन बंद असताना, इंजिनासोबतच फिरणाऱ्या रेडिएटरच्या पंख्याकडून ठकठक ऐकू येते. आधी वाटलं, पत्रा थंड होतोय. पण मशीन कालपासून बंदच आहे. पंख्यामागे माणूस जेमतेम मावेल एवढी फट आहे. तिचं पत्र्याचं दार उघडून टॉर्च मारला. कोणी नाही. पंख्याची जाळी सैल वाटली म्हणून ती काढून ठेवली.

११ मार्च, सोमवार
कुलूप परत आलं आहे. तोच गंज, तोच पिवळा ठिपका. मी कापलेलं कुलूप माझ्या खणात होतं, तो खण रिकामा. जनरेटर अर्थातच सुरू होईना. पुन्हा कापलं. बटण दाबलं आणि इंजिन लागता लागता आतून कोणीतरी ओरडलं. थांबा, असं. मी स्पष्ट ऐकलं.

हिला काही सांगितलं नाही. आधीच तिला झोप येत नाही.

१२ मार्च, मंगळवार
काकांनी अखेर तोंड उघडलं. आधीचा मेकॅनिक कुलूप घालून पंख्यामागे शिरला होता. तेवढ्यात वीज गेली. वरून फोनवर फोन. तो आत आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कुलूप तोडायला वेळ लागेल म्हणून काकांनीच घाईत वायर जोडली, आणि बटण दाबलं. काका म्हणतात, ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं असतं, आणि तो अजून बाहेर आलेला नाही.

पण परवा ही टेबलावर असणार. काकांच्या हातात कटर दिला. बजावून सांगितलं, वीज गेली आणि कुलूप दिसलं तर मला विचारू नका, कापा. आतून आवाज आला तरी ऐकायचा नाही. त्यांना शपथ घातली.

१३ मार्च
ठकठक थांबत नाही. हिला आज दाखल केलं. जाताना म्हणाली, तुमच्या जिवावर झोपणार आहे हो मी.

१४ मार्च, सकाळ
हिला आत नेलं. जाळी परत बसवायची राहिली होती, आठवलं. स्विचला माझं कुलूप घातलं, नियमाप्रमाणे. फटीत शिरलो आणि मागे दार लागलं. बाहेरून कडी पडली.

उघडत नाही. वही खिशातच आहे. पत्र्यावर मारतोय. ठकठक —

दिवे गेले. वीज गेली. आणि ही —

काका धावत आले. मी ओरडतोय, मी आहे, मी! ते म्हणतात, रडत म्हणतात, आता तुझं नाही ऐकणार बाबा, त्यांची बायको आहे टेबलावर.

झरोक्यातून कुलूप दिसतं. माझं नवंकोरं होतं. त्यावर गंज आहे. पिवळा ठिपका —

कटर लागला. किल्ली माझ्या खिशात. नाही कापलं तर ही जाईल. आता ओरडत नाही. काका, कापा. लवकर —

इथे दुसऱ्याला जागाच नाही, तरी कोणीतरी सरकून मला जागा करून दिली. खांद्याला खांदा —

कुलूप पडलं. काका बटणा