उंबरठ्याचे सव्वादोन इंच

सोमवार, २ एप्रिल २००७

मिळालं! गौतमचंद सेठच्या कापड दुकानाचं पूर्ण काचेचं दर्शनी मॉडेल मी कॉम्प्युटरवर करायचं. एकटीनं! आमचे आर्किटेक्ट बद्रीनाथ सर म्हणले, "शिवकांता, हे जमलं तर ऑफिसात पक्की. न्हाई तर औरंगाबादचा डिप्लोमावाला पोरगा बसलाच आहे तयार." बाबांचंही तेच. नोकरी पक्की झाली तरच जालन्यात मावशीकडं राह्यचं. न्हाई तर केदारखेडा, आन् बघायला येणारे पाहुणे.

दुपारी माप घेऊन आले. दारात दगडी उंबरठा, त्यावर हळदकुंकू. सेठ दोनदा बोलले, "बाकी सब तोडो, उंबरठा राहील. माँचा आहे तो." त्यांच्या माँ, बसंतीबाई, पहिले रोज गल्ल्याजवळ बसायच्या म्हणे. दोन वर्षं झाली, येत न्हाईत. आता नोकर त्यांच्या नावानं पूजा करतो.

बुधवार, ४ एप्रिल

काय मजा येऊन राह्यली! आधी सलग काचेची भिंत ओढायची. मंग तिच्यात उभ्या-आडव्या रेघा. मधली चौकट पकडायची — टॅब दाबत बसा, दरवेळी शेजारचीच सापडते! — तिची पिन, म्हणजे कुलूप, काढायची आन् काचेच्या जागी दार निवडायचं. दाराला स्वतःचं माप नसतंच. चौकट जेवढी, तेवढं दार. बसलं की बराबर बसतं!

लाईट गेली. इन्व्हर्टरनं पाच मिनिटं दिली. सेव्ह केलं, वाचले.

उषामावशी म्हणते, "काचेचं दुकान चोराला बरं. काय न्यायचं ते बाहेरूनच ठरवून येईल!"

शुक्रवार, ६ एप्रिल

चूक झाली. मोठी.

सगळं झालं म्हणून शेवटी मॉडेलमध्ये उंबरठा ठेवला. दाराचा तळ सरळ दगडात घुसला! सव्वादोन इंच. परत परत बघितलं. मंग आठवलं. माप घेतलं त्या दिवशी टेपचं वरचं टोक नोकरानं बीमला धरलं, आन् खालचं मी उंबरठ्याच्या आत, फरशीवर टेकवलं. उंबरठ्यावर टेकवायचं होतं. लहानपणापासून आई ओरडायची, उंबरठ्यावर पाय देऊ नको, काही ठेवू नको. त्यात त्यावर हळदकुंकू. हातच गेला न्हाई. टेप आपोआप पलीकडं गेला. कळलंबी न्हाई मला.

दुरुस्त करणार तेवढ्यात मागून सर, "सेठ खाली आलेत. जल्दी प्रिंट काढ."

सगळ्या काचांची मापं बदलायची. अर्धा तास तरी लागला असता. सरांना सांगायचं होतं. सांगितलं न्हाई. उंबरठा सिलेक्ट केला आन् डिलीट दाबलं. चित्र काय सुंदर आलं! सेठ चष्मा लावून बघत राह्यले. "घरी माँला दाखवतो," म्हणले, आन् घेऊन गेले.

शनिवार, ७ एप्रिल

सेठचा फोन. माँला चित्र पसंत! सरांनी माझ्यासमोर काचेची ऑर्डर दिली, माझ्या मापानं. मी चहा पीत उभी होते.

सोमवार, ९ एप्रिल

ही काच भट्टीत तापवून कडक करतात. त्यानंतर कापता येत न्हाई. कापायला गेलं की पूर्ण काचेचा चुरा. आज सरच सहज सांगत होते. मी मान हलवली.

मंगळवार, १० एप्रिल

आज सांगते. न्हाई सांगितलं.

गुरुवार, १२ एप्रिल

सांगितलं.

सर ओरडले न्हाईत. तेच जास्त लागलं. कारखान्यात फोन लावला. काच सकाळीच भट्टीतून निघाल्ती. फोन ठेवून म्हणले, "माप चुकलं, ते मी समजू शकतो. माझंबी चुकलंय. पण तू दगड पुसलास, शिवकांता. बघून पुसलास." त्यांनी फाईल मिटली. "सोमवारपासून येऊ नको. सेठला मी बघतो."

न्हाई, सेठला मीच सांगणार. उद्या त्यांच्या घरी जाते. परवा सकाळची केदारखेड्याची बस.

शुक्रवार, १३ एप्रिल

सेठच्या घरी गेल्ते. बैठकीत सेठ, आन् तक्त्यावर बसंतीबाई, गुडघ्याला गरम पट्टा बांधून. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. टेप, फरशी, डिलीट, आन् काच बसवायची तर आता दगड काढावा लागेल, तेबी. सेठचा चेहरा लाल! "दगड निकाला तो माँको क्या मुंह दिखाऊं? तीस साल पूजा की है उसने!"

बसंतीबाईंनी उशीखालून माझा प्रिंट काढला. घड्या पडलेला. दारावर बोट ठेवलं.

"छोरी, इथं उंबरठा न्हाई ना?"

"न्हाई, माँजी. मी पुसला. चूक झाली."

"मी तर तेवढंच बघून हां बोलले."

त्या सेठकडं वळल्या.

"गौतम, दो साल से मैं दुकान क्यूं नहीं आती? पूछा कभी?"

"तुझी तब्येत, माँ..."

"तब्येत काहेकी! त्या दगडावरून घुटना उठतो का माझा? मी घरी बसले आन् तू माझ्या नावानं दगडाला फुलं वाहून राह्यला!" मंग माझ्याकडं बघून, "तूबी खोटं केलंस. सरांना जाऊन बोल, माँजीनं कान पकडायला सांगितले."

सरांकडं गेले. खरंच कान पकडले. बसंतीबाई काय बोलल्या तेबी सांगितलं. त्यांनी टेबलावरचा टेप माझ्याकडं सरकवला. "आजपासून प्रत्येक माप दोनदा. दुसऱ्यांदा मी बघणार. पक्कीबिक्की आत्ता विसर."

उद्याची बस रद्द.

शुक्रवार, २० एप्रिल, अक्षय्य तृतीया

दुकान उघडलं. काच एका सुताचाही फरक न्हाई, बराबर बसली. दगड काढून घरच्या तुळशीपाशी नेला. सेठनी हात धरला, बसंतीबाई दारातून सरळ आत आल्या. जमीन सपाट. तरी बरोबर त्या जागी त्यांनी पाय उचलला, उंच, दोन्ही हातांनी साडी धरून. माझाबी उचलला गेला.