क्लाउडबेरीच्या बिया आणि काळी टोपी

२ सप्टेंबर
प्रबंधाचं बारावं वर्ष. मार्गदर्शक रायली मॅडम म्हणाल्या, एन्सिओ, तीस तारखेपर्यंत दे, नाहीतर नाव कमी करते. हरकत नाही. क्लाउडबेरी या रानफळाच्या बियांच्या अर्कात पॉलिफिनॉल हे द्रव्य किती, एवढंच तर मोजायचंय. उद्यापासून सहाला उठणे.

३ सप्टेंबर, स. ११.४०
उठलो. लॅबचा ओव्हन माझ्यासोबत संशोधन करणाऱ्या सिर्कूने महिनाभर अडवलाय. म्हटलं, दोन दिवस दे. म्हणाली, बारा वर्षं काय करत होतास? अशांच्या नादी लागू नये.

६ सप्टेंबर
तोडगा निघाला. बिया सासऱ्यांच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, वाळवायच्या. विस्तव निवल्यावर मंद, सारखी ऊब. ओव्हनला ही अक्कल कुठली? सासरे म्हणाले, जावईबापू, ट्रे खुशाल ठेवा, मी काय बिया खातोय? वाफ घेताना अंग झोडायची बर्च झाडाच्या पानांची ओली जुडी त्यांनी आंघोळ झाल्यावर खुंटीला अडकवली, ट्रेच्या बरोबर वर. वास छान येतो.

११ सप्टेंबर
अर्कात रसायन घातलं की निळा रंग येतो. जितका गडद, तितकं पॉलिफिनॉल जास्त. आपला शाईसारखा. नेहमीच्या तिप्पट. बारा वर्षांचा शीण एकदम जाणवला. दुपारी झोपलो.

१२ सप्टेंबर
डॉक्टरेटची काळी उंच टोपी शिवायला टाकली. डोक्याचा घेर ५९ सेंमी. मार्केट्टा म्हणाली, आधी प्रबंध लिही. बायकोला विज्ञान कळत नाही.

१९ सप्टेंबर
आभारप्रदर्शन लिहून पूर्ण. बाकीचं किरकोळ.

२४ सप्टेंबर
सिर्कूने माझ्या बियांतून चिमट्याने पानाचा तुकडा काढला. विचारलं, वाळवल्यास कुठे? सांगितलं. ती हसली नाही, त्याचंच वाईट वाटलं. स्वतःहून ओव्हन दिला.

२७ सप्टेंबर
ओव्हनमधल्या बिया मोजल्या. रंग फिका. पुस्तकात असतो तेवढाच आकडा. म्हणजे उरलेलं सगळं सासऱ्यांच्या जुडीतून ठिबकलेलं. पण मग हा बर्चच्या पानांचा शोध झाला की. विषय बदलून मागतो.

२८ सप्टेंबर
मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, बर्चच्या पानांवर माझाच प्रबंध आहे. तुला पहिल्या दिवशी वाचायला दिला होता.

३० सप्टेंबर
नाव कमी झालं. टोपी आली. संध्याकाळी सासऱ्यांनी सॉना तापवला. जुडी आज दुसऱ्या खुंटीला होती. म्हणाले, डोकं भाजेल, काहीतरी घाला. ती काळी टोपीच घातली. बराच वेळ रडलो, घामात कळत नाही. टोपी मात्र मापात बसते.