भाकरीतले खडे

जालना,
ता. १८-१-७४

प्रिय आई,

येशूच्या नावानं तुला सलाम. हे पत्र धाकट्या करुणाकडून वाचून घे, पाळकसाहेबांना देऊ नको.

कापसाच्या जिनिंगमधलं काम बराबर चालू हाये. जेवणाचे हाल न्हाईत. तुझे गुडघे कसे हायेत?

जेवणाआधी प्रार्थना करतो का, असं तू विचारल्तं आन् मी हो लिहिल्तं. आई, मी चौघांत डोळे मिटत न्हाई. डबा उघडला की मान खाली घालतो, खडे शोधल्यासारखं करतो आन् मनातच उरकतो. लोक बघतील याची लाज वाटायची.

शेजारी मच्छिंद्र बसतो. तो सगळ्यांदेखत डब्याभोवती पाणी फिरवतो, मंगच घास घेतो. काल एकानं माझ्या ठेच्याला हात घातला, तर मच्छिंद्र म्हणला, "थांब. त्यांची प्रार्थना व्हायचीय."

मी म्हणलं, "तुला कसं कळलं?"

"भाकरीत कोण खडे शोधतंय, शांतवनराव?"

मंग सगळे हात आवरून माझ्यासाठी थांबले. मला आमेनसुद्धा नीट म्हणता आलं न्हाई. आता त्या लाजेचीच लाज वाटून राह्यली.

पत्र पाळकसाहेबांनी वाचलं तरी चालंल.

तुझा लेक,
शांतवन