शेजारणीच्या गोळ्या

मंगळवार, संध्याकाळ. लोणावळा.

आत्या पलीकडच्या खोलीत कण्हतेय आणि मी इथे बसून स्वतःलाच विचारतेय, बरोबर केलं ना?

सकाळी ती औंढ्याहून आली ती तिच्या शेजारणीला डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी घेऊनच. गुडघेदुखीच्या गोळ्या. "तिला लय गुण आला. फोनवरनं मागव की." मी म्हटलं, चिठ्ठीवर नाव तिचं आहे, तुझं नाही. "गुडघं काय येगळं असत्यात व्हय?" हसूच आलं. मग तिचे पाय दिसले. घोट्यापाशी सुजलेले. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहिला.

हट्टानं बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब भलताच वाढलेला. आणि तिथे कळलं, शेजारणीकडून मागून त्या गोळ्या ती आधीपासूनच खातेय! "त्या आजपासून बंद. मूत्रपिंडाची तपासणी होऊ दे, मग दुखण्याचं बघू," डॉक्टर म्हणाले. रक्त घेतलं. रक्तदाबाची गोळी तिच्या नावानं लिहून दिली, ती दुकानातून आणली. रिपोर्ट उद्या.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तितं गोळी घिऊन निजले तरी असते." खरंय. दुखणं तिचं, शहाणपण माझं. पण तो खळगा डोळ्यांसमोरून हलत नाही. उद्या काय निघेल?

आत्ता आतून हाक आली म्हणून गेले. आत्या उठून बसली होती. म्हणाली, "शेजारणीला फोन लाव. तिचंबी पाय सुजल्यात."