तूरडाळीचं पिवळं पाकीट

रविवार, १४ सप्टेंबर. विकास नगर

अजून राग गेलेला नाही. नवऱ्याच्या ऑफिसातले साहेब आणि त्यांच्या मिसेस जेवायला येणार, म्हणून सुधीरने मॉलच्या स्वतःच्या ब्रँडची तूरडाळ, ते साधं पिवळं पाकीट, तांदळाच्या डब्यामागे लपवलं. तीन दुकानं फिरून, दाणा दाताखाली धरून निवडलेली डाळ माझी! भाभीजींनी, म्हणजे साहेबांच्या मिसेसनी, आमटी दोनदा घेतली आणि विचारलं,

"कौन सी दाल है?"

मी तोंड उघडायच्या आत सुधीरने महागड्या कंपनीचं नाव सांगितलं. आणि मी हसले. का हसले?

स्वयंपाकघरात लेक कुजबुजली, "मम्मा, पापा को शरम आती है." कसली? माझ्या निवडीची?

पाहुणे गाडीत बसले तेव्हा पिवळं पाकीट घेऊन मी खाली धावले. "भाभीजी, यही दाल थी."

फाटकाशी उभा सुधीर हसला, मघाशी मी हसले तसाच. हसू दे आता त्याला.